आधी पेटीवाल्याला विचारा

प्रश्न डिचोली तालुक्यातून आला आहे. थोडक्यात असा: "आमचे गाव लहान, दोनशे घरांचे. गावात तीन गुणी माणसे आहेत. एक निवृत्त मास्तर नाट्यपदे छान गातात. कॉलेजात जाणारा एक मुलगा पखवाज आणि तबला वाजवतो. महिला भजनी मंडळात एक काकी आहेत, त्यांचा आवाज ऐकून वाटेने जाणारा थांबतो. पण यांचा कार्यक्रम ठेवला की पंधरा माणसे येतात आणि पणजीहून कोणी नावाजलेला आणला की देवळाचा मंडप भरतो. आम्हाला दर महिन्याला गावच्या कलाकारांची छोटी बैठक सुरू करायची आहे. कोणाला बोलवावे, कुठे बसावे, खर्च किती येईल, आणि मुख्य म्हणजे माणसे कशी येतील?"

तुमची यादी मी दोनदा वाचली. तिन्ही नावे चांगलीच असणार. पण या तिघांच्या मागे पेटी, म्हणजे हार्मोनियम, कोण वाजवतो, ते तुम्ही लिहिलेलेच नाही. महिला भजनी मंडळ आहे, नाट्यपदे गाणारे मास्तर आहेत आणि पेटीवाला नाही, असे गाव मला गोव्यात अजून भेटलेले नाही. तो आहे. दर एकादशीला देवळात खांबाला टेकून बसतो, भजन संपले की भात्याची कडी लावतो, पेटीवर कापड टाकतो आणि घरी जातो. तुम्हाला तो कलाकार म्हणून आठवला नाही, एवढेच. तुमच्या पंधरा माणसांचे कारण मला इथेच दिसते.

मी स्वतः पेटीवाला, तेव्हा हे बोलणे पक्षपाती वाटेल. वाटू द्या. 36 वर्षे फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे असा फिरून भजनाला, नाटकाला, बैठकीला साथ केली आहे. एवढ्या वर्षांत गावच्या बैठका सुरू होताना पाहिल्या आणि बंद पडतानाही पाहिल्या. चांगला गळा नाही म्हणून बंद पडलेली एकही मला आठवत नाही. साथ जमली नाही म्हणून बंद पडलेल्या मात्र बोटावर मोजता येणार नाहीत.

पणजीहून येणारा चांगला गातो म्हणून मंडप भरतो, हे अर्धेच खरे. तो आपली साथ घेऊन येतो. त्याचा तबलजी त्याच्याबरोबर पाच-सात वर्षे बसलेला असतो. तो कुठे श्वास घेणार, समेवर थेट येणार की अंमळ मागे रेंगाळणार, हे पेटीवाल्याला ठाऊक असते. तुमच्या गावच्या कार्यक्रमात काय होते? मास्तर काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गाणार, मुलाचा तबला काळी एकला लावलेला, पेटी शेजारच्या वाड्यावरून आणलेली आणि तिचा भाता फुटका. तिघे पहिल्यांदा एकत्र बसतात ते थेट लोकांसमोर. लोक गाणे ऐकायला येतात आणि तालीम ऐकून जातात. पुढच्या वेळी ते का येतील? आणि मग आपण म्हणायचे, गावात पिकते तिथे विकत नाही!

गोव्याला खरे तर ही गोष्ट सांगावी लागू नये. आपल्याकडे कलाकाराच्या आडनावातच गाव असते. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, बोरीचे तुळशीदास बोरकर, पर्वताचे खाप्रूमामा पर्वतकर. कुर्डी गाव तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की घरांचे चौथरे तेवढे दिसतात, पण गावाचे नाव मोगूबाईंच्या आडनावात शिल्लक आहे. या चार नावांत दोन गायिका आहेत आणि दोन साथीदार, हे मी मुद्दाम मोजून लिहिले आहे. खाप्रूमामा तबलजी, म्हणजे लयभास्कर. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायाने तिसरा असे धरून ते समेवर एकत्र येत, हे आमच्या मास्तरांकडून आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बोरकरांनी पी. मधुकरांकडे पेटी शिकली, तिचे सोने केले, आणि 2016 साली पेटीवाल्याच्या नावापुढे पद्मश्री लागली. ते 2018 मध्ये गेले. केसरबाईंचा आवाज 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेला, हे गोव्यात शाळकरी पोरही सांगते. त्या तीन-साडेतीन मिनिटांत बाईंच्या मागे साथीला कोण बसले होते, हे मला कोणी कधी विचारलेले नाही.

असो. तर कामाचे बोलू.

पेटीवाल्याला आधी गाठायचे ते त्याच्या मानापानासाठी नव्हे. त्याला माहिती असते म्हणून. नाटकाच्या दिवसांत तो चार गावांच्या तालमी करतो, श्रावणात सप्ताहाला बसतो, चतुर्थीत आरत्यांना जातो. कोणत्या वाड्यावर कोण गाते, कोणाची पट्टी कोणती, कोणाला भैरवी येते आणि कोण भैरवीच्या नावाने काहीही गातो, कोण वेळेवर येतो, कोणाला आधी दोन घोट लागतात, ही सगळी वही त्याच्या डोक्यात असते. तुम्ही तीन नावे लिहिलीत. त्याच्यासमोर चहा ठेवा, तासाभरात अकरा होतील. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात 24 तास अखंड भजन चालते, पथकामागून पथक येते. अशा ठिकाणी माझ्यासारखी माणसे रात्रभर बसतात आणि गावोगावचे गळे ऐकून ठेवतात. आमची ओळखपाळख तिथेच होते.

दुसरे असे की, पेटी आणि तबला महिनोन् महिने तेच राहिले आणि गाणारा बदलत गेला तर बैठकीला एक बैठक येते. शब्दाचा खेळ नाही हा. तीन महिन्यांत पेटीवाला आणि तो पखवाजी मुलगा एकमेकांच्या नजरेवर वाजवू लागतील. मग कोणीही नवखा येऊन बसला तरी त्याला उचलून धरतील. नवख्याला धीर येतो तो टाळ्यांनी नव्हे. त्याची तान फसली तेव्हा पेटीने ती जागा गुपचूप भरून काढली, की त्याला धीर येतो.

आता पट्टीचे गणित. दर महिन्याला वेगळा गाणारा म्हणजे दर महिन्याला वेगळा तबला, असे समजून लोक घाबरतात. तसे नाही. काळी एकचा एक चांगला तबला असला तर बरेच भागते. गाणारा काळी एकचा असेल तर तो षड्जाला लागला. काळी तीनची बाई आली तर तोच तबला तिच्या पंचमाला लागतो. काळी चारची आली तर मध्यमाला. साडेपाच इंच तोंडाचा एकच तबला आणि तीन पट्ट्यांची सोय. तुमच्या काकी बहुधा यातल्याच एका पट्टीत बसतील. मास्तरांची काळी दोन मात्र अडचणीची. त्यांच्यासाठी थोड्या लहान तोंडाचा तबला मागून आणा, नाहीतर एक स्वर उतरून गायला लावा. या वयात ते खुशीने उतरतील, फक्त लोकांसमोर विचारू नका.

पावसाचे वेगळे. जून ते सप्टेंबर गोव्यात कातडे माणसाचे ऐकत नाही. घरी संध्याकाळी लावलेला तबला देवळात पोचेपर्यंत उतरतो. गेल्या आषाढात आमच्याकडे बैठक होती. बाहेर असा पाऊस की पत्र्यावर कोणी खडी ओतते आहे असे वाटावे. तबलजी हातोडी घेऊन बसला. तबल्याच्या कडेच्या सोळा घरांपैकी, म्हणजे वाद्यांमधल्या जागांपैकी, बारा घरे जुळली, उरलेली चार काही केल्या वर येईनात. गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या वेणीवर, ठोकायचे, बोटाने चाट ऐकायची, पुन्हा ठोकायचे. गठ्ठे, म्हणजे वाद्यांखालचे लाकडी ठोकळे, आधीच खाली ओढलेले, आणखी ओढले तर वादी तुटणार. शेवटी घरधनीण आतून जुना पिवळा बल्ब लावलेला टेबललॅम्प घेऊन आली, तो पुडीवर वीतभर अंतराने धरला. दहा मिनिटांत घरे बोलू लागली. तबलजी हसला आणि म्हणाला, "आता तासभर आहे. त्याच्या आत द्रुत उरकून घ्या." तेव्हापासून आमच्या सामानात तो दिवा असतोच. एलईडी चालत नाही, त्याला ऊब नसते.

पेटीचेही तेच. लाकूड फुगते, पट्टी शेजारच्या पट्टीला घासते आणि दाबलेली वर येत नाही. मग एक सूर आपला आपण लांबत राहतो आणि गाणारा तुमच्याकडे खाऊ की गिळू असे बघतो. घासणारी बाजू पॉलिशपेपरने अगदी हलकी काढायची, चाकू लावायचा नाही. सूर घोगरा बोलू लागला तर बहुधा त्यावर धुळीचा कण असतो. वरची फळी काढून सुराच्या जिभेखालून पातळ कागद अलगद ओढला की निघतो. समुद्राकाठच्या गावांत सुरांना गंज चढतो तो वेगळा, तिथे कागदाने काही होत नाही, कारागीरच हवा. हे सगळे तुमच्या पेटीवाल्याला येते. मी लिहितो आहे ते अशासाठी, की कार्यक्रम साडेसहाला म्हणून त्याला सव्वासहाला बोलावू नका. पावसात एक तास आधी. आणि त्या तासात त्याला खुर्च्या लावायला सांगू नका!

जागा. देवळाचा सभामंडप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो, पण माझे मत पहिल्या सहा बैठकांसाठी घराचे. कोणाचे तरी जुने घर असेल, राजांगण म्हणजे मधला चौक असलेले. चारी बाजूंच्या ओसरीवर साठ माणसे दाटीवाटीने बसतात आणि साठ माणसांनी ते भरल्यासारखे दिसते. त्याच साठांना सभामंडपात बसवा, रिकामा मंडप दिसतो. शिवाय राजांगणात माईक लागत नाही. सारवलेली जमीन, लाकडी खांब, कौलारू छप्पर; आवाज घुमत नाही आणि मरतही नाही. संगमरवरी फरशीच्या नव्या मंडपात टाळी वाजवली तरी दोनदा ऐकू येते. अशा जागी बोल कळत नाहीत, नुसता कल्लोळ होतो.

माईक लावायचाच झाला तर गळ्याला एक, तबल्याला एक आणि तोही बेताचा. पेटीला नको. पेटी मुळात मोठी बोलते, माईकवर घेतली की गळा खाते. एको बंद करायला सांगा, आणि सांगून झाल्यावर तो खरेच बंद केला का ते जाऊन पाहा.

वेळ संध्याकाळी साडेसहाची, आणि मिनिटाला पक्की. पूर्वी जत्रेत पालखी झाल्यावर मध्यरात्री नाटकाचा पडदा उघडायचा आणि भैरवी पहाटे व्हायची. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद केला. राज्य सरकार सणासमारंभासाठी वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत मोकळीक देऊ शकते, पण ते दिवस जत्रांनाच पुरत नाहीत, तुमच्या मासिक बैठकीला कोण देणार? नियमाबद्दल लोक कुरकुरतात. रात्रीचे राग ऐकायला मिळत नाहीत हे माझेही दुःख आहे. पण गावच्या बैठकीला मला तो नियम सोयीचा वाटतो. बायका येतात, मुले येतात, शेवटच्या बसने साथीदार घरी जातो. साडेसहा ते साडेआठ, दोन तास, मध्ये एकदा चहा. आणि देवळात आरती सात-साडेसातला असेल तर चहाची वेळ तीच धरा. आरतीशी स्पर्धा कोणीही करू नये, फार मोठ्या गायकानेही.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. भाषणे नकोत. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचे मनोगत, शाल, श्रीफळ, आभार. मी एका गावात सव्वा तास पेटी पुढ्यात घेऊन बसलो आहे. गायक बिचारा घसा गरम करून आला होता, तो पुन्हा गार झाला. तबला उतरला. दहाला माईक बंद होणार म्हणून बडा ख्याल दहा मिनिटांत गुंडाळला, आणि निघताना पाहुणे म्हणाले, "छान झाले, पण जरा घाईत वाटले." सरपंचांना, देवस्थानच्या महाजनांना जरूर बोलवा, पुढे बसवा, चहा आधी त्यांना द्या. माईक देऊ नका. राजांगणात माईक नसतोच, हा त्या जागेचा आणखी एक गुण.

पैशाचे. यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण दुखणे माझे आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका गावात, नाव कशाला, बाहेरून आलेल्या गायकाला साथ केली. तीन तास. गायकाला स्टेजवर बोलावून पाकीट दिले, फोटो झाले. तबलजीला आणि मला मागच्या दाराशी थांबायला सांगितले. थांबलो. मग मंडळाचा एक जण आला, म्हणाला, "तुम्ही आमचेच, तुम्हाला काय द्यायचे?" आणि प्रसादाच्या दोन पुड्या हातावर ठेवल्या. रात्री साडेअकराला पेटी स्कूटरच्या पायापाशी ठेवून घाटातून घरी आलो. पैशाचा प्रश्न नव्हता असे लोक म्हणतात. माझा होता. पेट्रोल माझे होते.

'तुम्ही आमचेच' हे वाक्य तुमच्या मंडळातून हद्दपार करा. आपला म्हणून फुकट, आणि फुकट म्हणून कवडीमोल, ही वाट फार उताराची आहे. गावातल्या काकींनाही पाकीट द्या, मग त्यात पाचशेची एकच नोट का असेना. आमच्या बैठकीत गाणाऱ्याला दोन हजार आणि पेटी-तबल्याला प्रत्येकी दीड हजार ठरले आहेत. गाणारा बाहेरचा असो वा वाड्यावरचा, आकडा तोच. पाकीट त्याच संध्याकाळी, चहाच्या वेळी, हातात. 'पुढच्या आठवड्यात बघू' नाही. चहा आणि भजी धरून एका बैठकीला सहा-साडेसहा हजार पडतात. आम्ही वीस घरांकडून महिन्याला तीनशे घेतो, उरलेले दाराशी ठेवलेल्या तांब्यात जमतात. तिकीट लावू नका. तिकीट लावले की माणूस हिशेब करत ऐकतो.

आता तुमचा खरा प्रश्न, माणसे कशी येतील. यावर माझ्याकडे युक्ती नाही, एक प्रसंग आहे. आमच्या दुसऱ्या बैठकीला एक तरुण मुलगा नाट्यपद गात होता, मोबाईलवर ऐकून बसवलेले, तानांचा पाऊस. ओसरीच्या कोपऱ्यात एक आजोबा बसले होते, वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी गावच्या नाटकात स्त्री पार्ट करायचे, हे त्यांच्या नातवंडांनाही नीट माहीत नव्हते. पद संपले. आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले, "बाबा, ही जागा अशी न्हय." आणि थरथरत्या आवाजात त्यांनी ती ओळ म्हटली. तान नव्हतीच. एका शब्दावर ते क्षणभर थांबले, मान किंचित वळवली, पदर सावरावा तसा हात खांद्याकडे गेला, आणि मग सूर खाली उतरला. मी पेटीवर नुसता षड्ज धरून होतो, बोटे हलवायचे धाडस झाले नाही. तो मुलगा उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसला. कोणीतरी मागून म्हणाले, "आयज पेटी उलयता रे!" पेटी कसली बोलतेय, पेटी तर गप्प होती.

पुढच्या महिन्यात ओसरी भरली. अर्धी माणसे आजोबा काय चुका काढतात ते बघायला आली होती. येऊ देत की. गोव्यात घरी कोकणी बोलणारा माणूस देवळात मराठी अभंग गातो आणि जत्रेत मराठी नाटक करतो. तुमच्या गावातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाला निदान दहा पदे आणि वीस अभंग पाठ असणार. त्यांना श्रोते म्हणून बोलावले तर ते येतील न येतील. चूक काढायला बोलावले तर हातातले काम टाकून येतील. प्रत्येक बैठकीत पंधरा मिनिटे अशी मोकळी ठेवा, की ज्याला ओळ आठवेल त्याने म्हणावी आणि पेटीने त्याची पट्टी शोधून काढावी. या पंधरा मिनिटांत माझा जितका कस लागतो तितका समारोहाच्या स्टेजवर लागलेला नाही. माणूस पांढरी तीनला सुरू करतो आणि अंतऱ्याला काळी चारला पोचतो, मध्ये थांबत नाही!

तुमच्या पखवाजी मुलाबद्दल. कॉलेजात आहे म्हणजे कलोत्सवात, स्पर्धेत एकल वाजवत असणार. हल्लीची मुले फार तयार आहेत, आमच्या वेळी एवढे हात नव्हते. लेहऱ्याचे, म्हणजे तालाला धरून तीच धून वाजवत राहणारे, ॲप लावून रोज दोन तास रियाज करतात. पण ॲप कधी चुकत नाही आणि कधी थांबत नाही, त्यामुळे यांना चुकणाऱ्या माणसाची साथ करता येत नाही. भजनात काकी एखादी ओळ भावाच्या भरात दोन मात्रा जास्त ओढतात. जुना पखवाजी तिथे ठेका अलगद सांभाळून घेतो, कोणाला कळत नाही. मुलगा 'काकी बेताल' म्हणून तोंड वाकडे करतो. त्याला सहा महिने फक्त साथ करायला लावा. तुकडा नाही, चक्रदार नाही, नुसता ठेका, आणि तोही गळ्याकडे बघत. ऐकला तर पुढे मोठा होईल. नाही ऐकला तर स्पर्धेतली बक्षिसे आहेतच. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धेत महिलांचा आणि मुलांचाही गट असतो. तिथे परीक्षकाच्या टेबलाजवळ बसून पाहा, पखवाजी मुले गायकाकडे बघत नाहीत, परीक्षकाकडे बघतात.

तुमच्या गावात ख्रिस्ती वाडा असेल तर तिथेही जा. पॅरिश शाळांतून स्वरलिपी शिकलेल्या गोवेकरांनी मुंबईच्या हिंदी सिनेमांचे वाद्यवृंद दशकानुदशके भरले. त्यांची पुढची पिढी चर्चमध्ये व्हायोलिन, गिटार वाजवते आणि आपल्या राजांगणापासून हाकेच्या अंतरावर राहते. आमच्याकडे एकदा असा एक व्हायोलिनवाला आला. कागद नसेल तर वाजवणार नाही म्हणाला. मी अभंगाची चाल पेटीवर वाजवली, त्याने ती पाच मिनिटांत पाच रेघांवर उतरवली आणि मग जी वाजवली! गमक नव्हते, मींड सरळ होती, पण सूर इतका स्वच्छ की मला माझी पेटी पुसून घ्यावीशी वाटली.

घुमट, म्हणजे कातडे मढवलेले मातीचे वाद्य, त्याबद्दल एक सावधगिरी. चतुर्थीनंतरच्या बैठकीत कोणीतरी घुमट आणि काठ्यांनी वाजवायचा शामेळ घेऊन येईलच, कांसाळे म्हणजे झांजही येईल, आणि यावेच. 2019 पासून घुमट हे राज्याचे वारसा-वाद्य आहे. फक्त जुना घोरपडीच्या कातड्याचा घुमट असेल तर तो बाहेर काढू नका. घोरपड वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. बकरीच्या कातड्याचाच वाजवा. जुने वाजवणारे म्हणतील नाद तसा येत नाही. खरे आहे, येत नाही. पण उन्हात शेकून घेतला आणि मागचे तोंड तळहाताने नीट दाबत-सोडत वाजवला तर बैठकीपुरता पुष्कळ बोलतो. आणि राजांगणात घुमट एकच, दोन नको. दोन घुमट आणि एक शामेळ सुरू झाले तर वर कौले मोजावी लागतील.

पहिल्या बैठकीला कोण, ते तुम्ही विचारलेले नाही, पण विचारणार होता. मास्तर नकोत. ते मानी असणार, पहिल्याच वेळी पंधरा माणसे दिसली तर पुन्हा येणार नाहीत. काकींना बसवा. महिला मंडळाच्या पंचवीस बायका त्यांच्यामागे आपोआप येतील, त्यातल्या दहा जणींचे नवरे त्यांना न्यायला म्हणून येऊन शेवटचा अर्धा तास ऐकतील. आधी रूपाचा अभंग, मग दोन अभंग, एक गवळण, भैरवी. दीड तास पुरे. काकी म्हणतील, "मी काय गाणार, मी भजनातली." तेव्हा तुम्ही समजूत घालत बसू नका, तुमच्याने ते होणार नाही. परवा एकादशी आहे. भजन संपेपर्यंत देवळात थांबा. जो माणूस भात्याची कडी लावून पेटीवर कापड टाकेल, त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत जा आणि त्याला एकच विचारा, काकींची पट्टी कोणती. तो चालता चालता सांगेल. मग त्यालाच म्हणा, कार्तिकात एक बैठक आहे, त्यांना तुम्ही विचारा.